बीटा पेशी इन्सुलिन कशी सोडते: व्हायवाच्या आधी हे असं बसवा

बी फार्म घ्या, नर्सिंग घ्या नाहीतर मिरजेत एमबीबीएसला असा, हा प्रश्न येतोच आणि निम्मी पोरं एकाच जागी आपटतात, ग्लुकोज वाढलं की पोटॅशियम चॅनेल (पेशीच्या पडद्यातलं पोटॅशियमचं दार) उघडतंय म्हणून ठोकून देतात. उघडत नाही, बंद होतंय! एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप ओळीत येतंय, म्हणून पाठांतर बाजूला ठेवा आणि रफ वही घ्या.

एक मोठा गोल काढा, ही बीटा पेशी. स्वादुपिंडातल्या लँगरहान्सच्या बेटांमधे हिचीच गर्दी जास्त (लँगरहान्सनं ही बेटं १८६९ ला दाखवली, इतिहास एवढा बास). आता सांगलीच्या उन्हात कुणीतरी ग्लासभर उसाचा रस मारला असं धरा, आतड्यात साखर फुटली, ग्लुकोज रक्तात आलं. गोलाच्या डाव्या बाजूला ट्रान्सपोर्टर काढा, म्हणजे ग्लुकोज आत नेणारं प्रोटीन. पुस्तकात ग्लुट-२ असतंय, ते उंदराच्या बाबतीत पक्कं, माणसात ग्लुट-१ चा वाटा मोठा आहे. पेपरात ग्लुट-२ च लिहा, तोंडी विचारलं तर दुसरं पण सांगा.

आत ग्लुकोकायनेज, म्हणजे ग्लुकोजला फॉस्फेट जोडणारं एन्झाइम. इथं जरा थांबा, कारण खरा सेन्सर हाच आहे. हे एन्झाइम निम्म्या वेगाला पोचतंय लिटरला साधारण ८ मिलिमोल ग्लुकोज असताना, १८ नं गुणा, म्हणजे डेसिलिटरला १४४ मिलिग्रॅमच्या आसपास. त्यामुळं उपाशीपोटी ते निवांत आणि जेवणानंतर साखर चढेल तसा त्याचा वेग पण चढतोय. शिवाय हेक्सोकायनेज (हेच काम इतर पेशींत करणारं एन्झाइम) स्वतःच्याच प्रॉडक्टमुळं अडतंय, तसं हे अडत नाही. पुढं ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडणं), मायटोकॉन्ड्रिया, एटीपी (पेशीचं इंधन) वाढलं, एडीपी (खर्च झालेलं एटीपी) घटलं, यावर वेळ घालवू नका, एक बाण मारा.

आता पेनचा रंग बदला. कडेला केएटीपी चॅनेल काढा, सुरुवातीला म्हटलेलं पोटॅशियमचं दार ते हेच: मधे चार छोटे गोल म्हणजे किर ६.२ (पोटॅशियमची वाट बनवणारं प्रोटीन), त्यांच्याभोवती चार मोठे म्हणजे एसयूआर-१ (ती वाट ताब्यात ठेवणारं प्रोटीन). साखर कमी असताना हे उघडं, पोटॅशियम बाहेर चाललंय, आतलं व्होल्टेज उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास. एटीपी किरला चिकटलं की दार बंद, पॉझिटिव्ह चार्ज बाहेर जायचा थांबला, व्होल्टेज वर सरकलं, मग एल टाइप कॅल्शियम चॅनेल उघडलं, कॅल्शियम आत घुसलं आणि ग्रॅन्युल (इन्सुलिन भरलेल्या पिशव्या) पडद्याला मिसळून इन्सुलिन बाहेर. सोबत सी-पेप्टाइड (इन्सुलिन तयार होताना कापला जाणारा तुकडा), रेणूला रेणू.

समजलं का ते गोळ्यांवरून तपासा. ग्लिमेपिराइड ही डायबेटिसची गोळी एसयूआर-१ वर बसून दार बंद करतंय, ग्लुकोज किती आहे ते बघत नाही. म्हणून आजोबा एकादशीला गोळी घेतात, पोटात काही नाही, दुपारी साखर घसरून घाम फुटतोय, हात थरथरतात, आणि घरचे म्हणतात उन्हानं झालं. (उपवासाच्या आधी डॉक्टरला विचारा म्हणावं त्यांना.) डायझॉक्साइड हे औषध ह्याच्या बरोब्बर उलटं, दार उघडं ठेवतंय, इन्सुलिन अडतंय. मेटफॉर्मिन ही डायबेटिसचीच दुसरी गोळी, ती ह्या चित्रात घुसडू नका, तिचं मुख्य काम लिव्हरवर.

इन्सुलिन सुटण्याचा ग्राफ काढायला लावला तर दोन टप्पे दाखवा. शिरेतून एकदम ग्लुकोज दिलं की पहिल्या दहा मिनिटांत टोकदार उंचवटा, तो पडद्याजवळ तयार बसलेल्या ग्रॅन्युलचा, मग हळू चालणारा लांब टप्पा. टाइप २ डायबेटिसमधे पहिला उंचवटा लवकर जातो.

लगेच पुढचा प्रश्न येतो, तेवढंच ग्लुकोज तोंडातून दिलं तर इन्सुलिन जास्त का? आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी ही हार्मोन्स येतात, बीटा पेशीत सायक्लिक एएमपी (आतला निरोप्या रेणू) वाढवून सोडणं जोरात करतात, पण मुळात ग्लुकोज असेल तरच.

आणि पेशंट इन्सुलिनची सुई घेतोय, त्याचं स्वतःचं किती सुटतंय ते कसं बघणार, असं विचारलं तर सी-पेप्टाइड सांगा, बाटलीतल्या इन्सुलिनमधे ते नसतंय.