दहावीच्या मुलांचं करिअर मार्गदर्शन: कोकणातल्या शाळेनं नववीपासून काय काय करायचं

पूर्वपरीक्षा संपल्यावर जानेवारीत एक वक्ता बोलवायचा आणि दोन तासांचं व्याख्यान ठेवायचं, ही बहुतेक शाळांची पद्धत आहे. त्यातून मुलांच्या हाती फारसं लागत नाही. तोवर जातीच्या दाखल्याला लागणारे कागद जमवायला वेळ उरलेला नसतो आणि वडील मुंबईला परतलेले असतात. मुलानं मोठ्या भावाचं किंवा मित्राचं बघून काहीतरी ठरवूनही टाकलेलं असतं. म्हणून काम नववीच्या दुसऱ्या सत्रात सुरू करावं आणि दहावीच्या निकालानंतर जुलैअखेरपर्यंत चालू ठेवावं. एका शिक्षकाकडे पंचवीस-तीसपेक्षा जास्त मुलं देऊ नयेत.

पहिलं काम: प्रत्येक मुलाचं एक पान

साधी वही घ्या आणि एका मुलाला एक पान द्या. वर शाळेच्या रजिस्टरात आहे तसंच्या तसं पूर्ण नाव लिहा. खाली शेवटच्या तीन परीक्षांचे विषयवार गुण, घरापासून जवळच्या कॉलेजचं आणि आयटीआयचं अंतर, वाडीतून सुटणारी पहिली एसटी किती वाजता आणि परतीची शेवटची किती वाजता, आणि घरातून वर्षाला रोख किती खर्च निघू शकतो, हे सगळं टिपा. एसटीची वेळ अगदी किरकोळ वाटते, पण पावसाळ्यात वर्गातली हजेरी त्यावरच ठरते.

आवड विचारताना "तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न नको. त्यावर पोलीस, डॉक्टर, इंजिनीअर याच्यापुढे उत्तर जात नाही. त्याऐवजी विचारा, "मे महिन्यात तू कुठलं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलंस?" मग खरी माहिती येते. समजा मुलगा म्हणाला, आंब्याच्या पेट्या भरल्या. तिथे थांबू नका. फळं आकारानं वेगळी करून पेंढ्यात बसवायला आवडलं, की वाशीला किती पेट्या गेल्या आणि पट्टी (विक्रीचा हिशेब) किती आली याचा हिशेब ठेवायला? बाबांबरोबर होडीचं इंजिन उघडलं असेल, तर नुसती पान्हे देण्याची मदत केली की बिघाड कुठे आहे ते शोधलं? या दोन-तीन प्रश्नांवरून मुलाचा कल जेवढा कळतो, तेवढा कुठल्याही छापील चाचणीतून कळत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पालकांची भेट गणपतीतच

ज्या घरांत वडील किंवा काका मुंबईला नोकरीला आहेत, तिथे शिक्षणाचा निर्णय तेच घेतात आणि ते शाळेच्या पालकसभेला येऊ शकत नाहीत. गणपतीला मात्र येतात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की परतीच्या गाड्या लागतात. म्हणून त्याच्या एक-दोन दिवस आधी, आरती-भजनाच्या वेळा सोडून, वाडीतच एखाद्या पडवीत तासभर बसा. मुलाचं पान समोर ठेवा आणि आईलाही बसवून घ्या, कारण वर्षभर मुलाला पहाटे उठवून एसटीला घालणारी तीच असते. शिमग्याची वाट पाहू नका. तेव्हा दहावीची परीक्षा चालू असते.

वाटा कोणत्या, आणि अडचण कुठे येते

अकरावी विज्ञान घेताना गणित सोडावं की ठेवावं, हा पहिला मोठा प्रश्न. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातल्या बी.एस्सी. कृषीसारख्या अभ्यासक्रमांना जीवशास्त्राचा गट चालतो. अभियांत्रिकीकडे जायचं असेल तर गणित सोडू नये. पोहणाऱ्या, मासे ओळखणाऱ्या मुलांना रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे हे अनेकदा माहीतच नसतं. तिथला पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि त्याला बारावी विज्ञान लागतं.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा असतो. शासकीय तंत्रनिकेतनं रत्नागिरीत आणि मालवणात आहेत. पात्रता 35 टक्क्यांची असली तरी हव्या त्या शाखेची गुणवत्ता यादी बरीच वर थांबते, हे पालकांना आधीच सांगा. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. मराठी माध्यमाची मुलं पहिल्या सत्रात गणितात अडकतात. त्यांना गणित येतं, पण प्रश्नातले इंग्रजी शब्द कळत नाहीत. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये त्यांच्याकडून दीडशे-दोनशे तांत्रिक शब्द पाठ करून घेतले, तर हा अडथळा बराच कमी होतो.

आयटीआय दाखवायला मुलांना प्रत्यक्ष घेऊन जा आणि कार्यशाळा चालू असताना जा. फिटरच्या पोरानं व्हाइसमध्ये धरलेला लोखंडी तुकडा कानशीनं घासून, परत परत गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून, फटीतून उजेड दिसतो का ते बघताना मुलांनी अर्धा तास उभं राहून पाहावं. हे काम आपल्याला जमेल का, हे तिथेच कळतं. फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियनला गणित-विज्ञानासह दहावी पास लागते, तर वेल्डरला आठवी पास चालते. दहावीत एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीनं अकरावीत जाता येतं. त्या मुलाला निकालाच्या दिवशीच हे सांगायला हवं, नाहीतर तो घराबाहेर पडत नाही.

बोटीवर जायचं म्हणणाऱ्यांसाठी

किनारपट्टीच्या गावांत हे स्वप्न मोठं आहे आणि फसवणूकही इथेच जास्त होते. जीपी रेटिंगच्या, म्हणजे व्यापारी जहाजावरच्या खलाशाच्या, सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला दहावीत इंग्रजीला किमान 40 टक्के लागतात आणि वय साडेसतरा पूर्ण असावं लागतं. दहावी पास मुलगा पंधरा-सोळाचा असतो. मधली दोन वर्षं रिकामी घालवू नयेत. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन करावं, नाहीतर बारावी. डेकवरच्या (जहाज चालवण्याच्या बाजूच्या) कामासाठी नजर चांगली लागते आणि रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. म्हणून नववीतच डोळे तपासून घ्या, म्हणजे दोन वर्षांनी पैसे भरल्यावर निराशा पदरी पडणार नाही. संस्था डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करण्याचा परवाना आहे का, हे पालकांसमोर बसून मोबाइलवर तपासा. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. जो लाखांत रक्कम मागतो, त्याला दारातूनच परत पाठवा. सिफनेट या केंद्र सरकारच्या मासेमारी प्रशिक्षण संस्थेचे व्हेसल नॅव्हिगेटर (मासेमारी जहाज चालवणं) आणि मरीन फिटर (जहाजाचं इंजिन सांभाळणं) हे दोन वर्षांचे अभ्यासक्रमही दहावीवर आहेत. गणित आणि विज्ञानात प्रत्येकी 40 टक्के लागतात.

कागद

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात. नववीतच शाळेच्या रजिस्टरातलं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मदाखला शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. एकीकडे "गावकर" आणि दुसरीकडे "गांवकर" असेल, वडिलांचं नाव एकीकडे घरचं आणि दुसरीकडे कागदावरचं असेल, तर दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्या. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ही दुरुस्ती फार अवघड होते.

जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टराचा उतारा किंवा तहसीलमधल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, जिथे जात लिहिलेली असते, हे त्यासाठी सर्वांत उपयोगी. आजोबा मुंबईत शिकले असतील तर तो उतारा तिथून आणायचा, आणि हेच काम गणपतीच्या बैठकीत वडिलांना लेखी नेमून द्यायचं. नॉन-क्रिमीलेयरची मुदत 31 मार्चला संपते, ती तारीख पानावर लाल शाईनं लिहून ठेवा.

फॉर्म भरताना

फॉर्मवर मोबाइल नंबर मुलाच्या घरात असणाऱ्याच माणसाचा द्या. मुंबईच्या काकांचा दिला तर ओटीपी त्यांच्या ड्युटीत येतो आणि तो कळेपर्यंत वेबसाइटवरची मुदत संपते. लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहा. अकरावीला दहापर्यंत पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत नाव येत नाही. म्हणून ज्या कॉलेजला एसटीनं पोचता येत नाही, ते पहिलं कधीही टाकू नका. निकालानंतरचे दहा-पंधरा दिवस शाळेत रोज दोन तास एक शिक्षक आणि चालू नेट एवढं ठेवा. मेच्या सुट्टीत ही पाळी आधीच वाटून घ्यावी लागते.

डिसेंबरमध्ये सगळ्या माजी मुलांना एकदा फोन करा. कोण टिकलं, कोणी सोडलं आणि का, हे त्याच पानाच्या मागे लिहा. एसटी चुकते, होस्टेल मिळालं नाही, इंग्रजी कळत नाही, अशी कारणं समोर येतील. पुढच्या नववीची पानं भरायला घेण्याआधी ती वाचून काढा.