क्यूसी सरकला म्हणून लगेच कॅल मारू नका

परळच्या आमच्या लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोर हेच करतं. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोलाइट मशीनवर क्यूसी, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला तपासणीचा नमुना, मर्यादेबाहेर गेला की कॅल (कॅलिब्रेशन) मारायचं, आत आला की चहाला पळायचं. दुपारी सोडियम पुन्हा बाहेर! अहो, बिघाड तसाच ठेवून कॅल मारलं तर मशीन त्या बिघाडालाच बरोबर धरून आकडे देतं.

आधी पंधरा दिवसांचा एलजे चार्ट, म्हणजे रोजच्या क्यूसीच्या आकड्यांचा आलेख, उघडा. एका दिवसात उडी असेल तर नवा लॉट (नवी खेप), किंवा फ्रीजमधून काढून तशीच गार लावलेली क्यूसीची वायल. रोज थोडं थोडं एकाच बाजूला सरकत असेल तर तो ड्रिफ्ट. सलग दहा पॉइंट मीनच्या (सरासरीच्या) एकाच बाजूला पडले, तर सगळे २ एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) आत असले तरी मी थांबते.

मग सरकलंय कोण ते बघा. एकटं पोटॅशियम असेल तर संशय त्याच्याच इलेक्ट्रोडवर, म्हणजे ते मोजणाऱ्या सेन्सरवर. तिन्ही एकदम नाचत असतील तर रेफरन्स इलेक्ट्रोड, कारण ज्याच्या तुलनेत मोजतात तो तिघांना सामाईक. एका जुलैत, रविवारभर एसी बंद राहिल्यावर, सोमवारी तिन्ही नाचत होते. मी सोडियमचा इलेक्ट्रोड मागवायलाच निघाले होते. रेफरन्स बाहेर काढला, तर कडेला केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) पांढरं मीठ आणि आत टोकाशी मोहरीएवढा बुडबुडा. थर्मामीटर झटकतो तसा झटकला, बुडबुडा वर गेला. द्रावण भरलं, मीठ ओल्या टिश्यूने पुसलं, अर्धा तास स्थिर होऊ दिलं आणि मगच कॅल.

पंपाची ट्यूब बोटांनी दाबून बघा, चपटी झाली असेल तर बदला.

स्लोप, म्हणजे प्रमाण दहापट झालं की इलेक्ट्रोडचा व्होल्टेज किती बदलतो तो आकडा, मात्र रोज वहीत लिहा. २५ अंशांना सोडियम-पोटॅशियमचा आदर्श स्लोप सुमारे ५९ मिलिव्होल्ट, आणि दर अंशाला तो साधारण ०.२ ने हलतो. म्हणून सकाळी सातला कॅल आणि दुपारी एसी बंद, हे चालणार नाही. स्लोप हळूहळू उतरत असेल तर बहुतेक वेळा प्रोटीनचा थर असतो. डिप्रोटिनायझर (प्रोटीन काढणारं द्रावण) द्या, सोडियमच्या इलेक्ट्रोडला कंडिशनर (त्याला पुन्हा तयार करणारं द्रावण). तरी मॅन्युअलमधल्या मर्यादेखालीच राहिला, तर त्या इलेक्ट्रोडचे दिवस भरले.

शेवटच्या चांगल्या क्यूसीनंतरचे सॅम्पल पुन्हा लावा. सीरम, म्हणजे गुठळीवरचा पातळ भाग, वेगळं काढलेलं असेल तरच हं. गुठळीवर तसंच राहिलेल्या ट्यूबमध्ये पोटॅशियम आपोआप चढतं, तिथे पेशंटला परत बोलवा.