मच्छीमारांसाठी कासवाचे पोस्टर कसे करावे

संकटग्रस्त प्राण्यांविषयी पोस्टर करायला बसलेला माणूस बहुधा आधी संगणक उघडतो आणि सुंदर चित्रे शोधू लागतो. हा क्रम उलटा आहे. आधी एक प्राणी ठरवावा आणि ते पोस्टर नेमके कोणी वाचायचे तेही ठरवावे. ‘सागरी जीवन वाचवा’ हे वाक्य कोकणातल्या हर्णै बंदरावरच्या संध्याकाळच्या मासेलिलावात कोणीही वाचत नाही, कारण वाचणाऱ्याने काय करायचे हे त्यात सांगितलेलेच नसते. या लेखापुरते आपण ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासव आणि ज्याच्या जाळ्यात ते सापडते तो मच्छीमार अशी जोडी धरू.

मजकूर दोन ओळींत बसवावा. संरक्षित सागरी प्राणी सुखरूप सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर महाराष्ट्रात मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८पासून आहे. पोस्टरवरचे मोठे अक्षर तिच्यासाठी राखावे: ‘कासव अडकले तर जाळे कापा, भरपाई मिळते.’ खाली, सोडतानाचा फोटो काढण्याची सूचना आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक पुरेसा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत हे कासव आहे हे खरे. पण शिक्षेची धमकी ठळक छापली की लोक कासव सोडण्याऐवजी प्रकरण लपवू लागतात, असा माझा अनुभव आहे.

आता चित्र. बाकी सारे एका दुपारी उरकते, मला मात्र चित्राने दोन हंगाम छळले. पहिल्या पोस्टरसाठी मी एक फुकट मिळणारी कासवाची आकृती घेतली, तिची डावी बाजू नीट गिरवली आणि संगणकाच्या एका आज्ञेने तिचेच प्रतिबिंब उजवीकडे उमटवले. आकृती रेखीव दिसत होती. नमुना घेऊन मी जेटीवर गेलो, तेव्हा एका वयस्क तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, तो हातात घेतला, ओले बोट कासवाच्या पाठीवर ठेवून कडेचे खवले मोजले आणि कागद परत देत तो म्हणाला, “ह्ये आमच्याकडचं नाय.” त्याचे म्हणणे बरोबर होते. मी गिरवलेले हिरवे समुद्री कासव होते. त्याच्या कवचावर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार मोठे खवले असतात. ऑलिव्ह रिडलेला ते बहुधा सहा किंवा अधिक असतात, आणि डावीकडे सहा तर उजवीकडे सात असेही सर्रास आढळते. म्हणजे ज्या प्राण्याची पाठ मुळातच दोन्हीकडे सारखी नसते, त्याचे चित्र मी आरशातून काढले होते. त्या दिवसापासून कासवाचे अर्धे चित्र काढून उलटवायचे नाही हा माझा नियम आहे, आणि तो तुम्हीही पाळावा.

चित्र फुकट आहे की विकतचे, याने काहीही फरक पडत नाही. वरून घेतलेला, पूर्ण वाढलेल्या मादीचा खात्रीचा फोटो मिळवावा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली कासवांचे संवर्धन सुरू केल्यापासून किनाऱ्यावरच्या अनेक गावांत घरटी राखणारी माणसे तयार झाली आहेत, आणि त्यांच्या फोनमधला साधा फोटो इंटरनेटवरच्या देखण्या चित्रापेक्षा भरवशाचा असतो. फोटोवरून खवले मोजावेत, आकडा कागदावर लिहावा, मगच रेघ ओढावी. पाय वल्ह्यासारखे हवेत, नखांचे पंजे नकोत. डोके कवचात ओढून घेतलेले दाखवू नये, कारण समुद्री कासवाला ते जमतच नाही. ती सवय देवळासमोरच्या दगडी कासवाला बघून आपल्या हाताला लागते.

समुद्राकडे निघालेल्या पिल्लांचा मोहही इथे टाळावा. पिल्ले पर्यटकांच्या पोस्टरवर शोभतात, होडीवरच्या माणसाला मात्र जाळ्यात ३५-४० किलोचे जनावर दिसते आणि त्याने तेच ओळखायचे असते. ‘डोळ्यांत अश्रू दाखवा, लोकांना भिडेल’ हा सल्ला तर मी आता ऐकूनही घेत नाही. मादीच्या डोळ्यांतून पाझरते ते शरीरातले जादा मीठ असते. ती रडत नाही, हे रोज समुद्रावर जाणाऱ्याला माहीत असते, आणि एका खोट्या अश्रूपायी त्याचा भरपाईच्या ओळीवरचा विश्वासही जातो.

चित्र झाले की छोट्या कागदावर छापून भिंतीला लावावे आणि पंधरा पावले मागे जाऊन पाहावे. कासव दगडासारखे दिसले तर पुढचे पाय अधिक पसरावेत.

रंग दोनच पुरेत. महत्त्वाची ओळ लाल रंगात लिहू नये, कारण उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतात.

छापखान्यात फाइल देण्यापूर्वी सारी अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या रेषाकृतींत, बदलावीत; नाहीतर तिकडच्या संगणकावर फाँट नसतो, जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. माझ्या एका पोस्टरच्या पन्नास प्रती अशा वाया गेल्या आहेत. फ्लेक्स मात्र छापू नये. वाऱ्याने फाटलेला फ्लेक्स शेवटी वाळूतच जातो, म्हणून जाड कापड घ्यावे किंवा पेंटरकडून भिंतच रंगवून घ्यावी.

पोस्टर लावण्यासाठी पावसाळी मासेमारीबंदीचा काळ उत्तम. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि खलाशी शाकारलेल्या मांडवात बसून जाळी दुरुस्त करतात. पोस्टर त्या मांडवात, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावे.