पिस्तुलाला नाइट साइट घ्यायची असेल तर आधी काळोख समजून घ्या

जत्रांचे दिवस होते, त्रिपुरी पौर्णिमा होऊन आठवडाभर झाला असेल, रात्री तीनच्या सुमाराला लाइट गेलेली आणि मांगराकडून पत्रा वाजला. मांगरात फवारणीचा पंप, पेट्रोलचा कॅन, औषधं, सगळं हंगामाचं सामान, त्यामुळे मी उठलो, पेटीतून .३२ पिस्तूल काढलं आणि पडवीत आलो. माशीवर, म्हणजे पुढच्या टोकावरच्या नेम धरायच्या उंचवट्यावर, मी तेव्हा चमकणारा रंग लावलेला होता, झोपायच्या आधी बॅटरीने चार्ज करून ठेवायचो, तर त्या काळोखात माशी बारीक हिरवी दिसत होती, पण त्या माशीच्या पलीकडे काय आहे ते मला काहीच दिसत नव्हतं, नुसती एक सावली हलत होती. पिस्तूल जमिनीकडेच ठेवलं, डाव्या हातातली बॅटरी लावली आणि ओरडून विचारलं, कोण आसा? तर शेजारच्या वाडीतला पोरगा. दशावतार बघून येताना बाइकचं पेट्रोल संपलं म्हणून माझा कॅन शोधत होता. "रे मी आसंय, मी!" हे त्याचे शब्द अजून कानात आहेत.

म्हणून कोणी विचारलं की नाइट साइट कुठली घेऊ, तर मी पहिलं हेच सांगतो की नाइट साइट, म्हणजे कमी उजेडात दिसणारी साइट (नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच), तुम्हाला फक्त तुमची साइट दाखवते, समोरचा माणूस दाखवत नाही. आपल्याकडे रात्री कोण कोण फिरत असतं बघा, पहाटे चारला होडीवर जाणारे, नाटकावरून परतणारे, कोणाची गुरं सुटली म्हणून शोधणारे. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आधी चांगली हातातली बॅटरी घ्या आणि उरलेल्यात साइट बघा, या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

आता यातली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बॅटरी लावली की समोरचा भाग उजळतो आणि त्या उजेडावर तुमची माशी काळी दिसते, अगदी स्पष्ट, दिवसा भिंतीवर दिसते तशी. म्हणजे बॅटरी चालू असताना चमकणारा ठिपका लागतच नाही! मग ठिपक्याचा उपयोग कधी, तर तिन्हीसांजेला, पहाटे फटफटायच्या आधी, किंवा घरात एका खोलीत दिवा आहे आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत काळोखात उभे आहात अशा वेळी, जेव्हा समोरचं ओळखू येतंय पण काळी माशी काळ्या खाचेत हरवून जातेय. साइट निवडायची ती या अर्ध्या उजेडासाठी, अमावस्येच्या काळोखासाठी नाही. एवढं एक पक्कं केलं की दुकानदार काय सांगतो त्यातलं अर्धं आपोआप गळून जातं.

प्रकार तसे तीनच. पहिला ट्रिटियमचा. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊ, तो वायू बारीक काचेच्या नळीत भरतात, नळीला आतून फॉस्फरचा थर असतो आणि वायूतून निघणारे बीटा कण त्या थरावर आपटून उजेड पडतो. चार्जिंग नको, सेल नको, पेटीत महिनाभर ठेवलं तरी काढल्याबरोबर चमकतं. पण याचं अर्धआयुष्य सुमारे १२.३ वर्षं आहे, म्हणजे दरवर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास ताकद कमी होत जाते, १२ वर्षांनी निम्मा वायू आणि २४-२५ वर्षांनी पाव. आणि हे घड्याळ तुम्ही विकत घेतलं तेव्हापासून नाही, कारखान्यात नळी भरली तेव्हापासून चालू होतं. त्यामुळे डब्यावरची किंवा साइटवरची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, सात वर्षं कपाटात पडलेला माल नवीन म्हणून गळ्यात मारतात. अमेरिकेची ट्रिजिकॉन, इस्रायलची मेप्रोलाइट ही यातली जुनी नावं, आणि ट्रूग्लोच्या काही साइटमध्ये ट्रिटियम आणि फायबर दोन्ही एकत्र असतात.

दुसरा फायबर ऑप्टिक, म्हणजे रंगीत प्लास्टिकची काडी, ती आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाला ठिपका दाखवते. दिवसा आणि संध्याकाळी याच्यासारखं दुसरं नाही, हिरवा-लाल ठिपका पेटल्यासारखा दिसतो, पण पूर्ण काळोखात शून्य. काडी नाजूक, होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवायच्या म्यानात) घासून तुटते, पण बदलायला सोपी आणि स्वस्त, नवीन काडी कापून घालायची आणि टोकाजवळ लायटर नेला की टोक फुलून खाचेत बसतं. हे साइट पिस्तुलावरून काढलेली असताना करायचं, आणि जवळ सॉल्व्हंट किंवा तेल नको.

तिसरा चमकणारा रंग, स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा. उजेड पिऊन घेतो आणि काळोखात सोडतो. पहिली काही मिनिटं जोरात, मग झपाट्याने उतरतो आणि नंतर कित्येक तास मंद राहतो. आधी बॅटरी दाखवली नाही तर काही नाही.

आता आपल्याकडची खरी अडचण. तयार मिळणाऱ्या बहुतेक नाइट साइट ग्लॉक, सिग असल्या बाहेरच्या पिस्तुलांच्या मापाच्या, आणि त्यातली बहुतेक ९ एमएम, जो आपल्याकडे सामान्य लायसन्सवर मिळत नाही, प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे. आपल्या हातात .३२ नाहीतर .२२. बऱ्याच .३२ रिव्हॉल्व्हरला माशी बंदुकीच्या नळीबरोबरच घडवलेली आणि मागे नुसती कोरलेली खाच, तिथे बदलायला काही सुटंच नसतं. म्हणून आधी बंदूक रिकामी करून, दोनदा तपासून, साइट नीट बघा. मागची साइट आडव्या खाचेत सरकवून बसवलेली आहे का, माशी स्क्रूवर आहे, पिनवर आहे की नळीचाच भाग आहे. सरकवलेली किंवा स्क्रूची असेल तर बदलता येते. एकसंध असेल तर गावात कोणी म्हणेल घासून खाच पाडून देतो, अजिबात देऊ नका. दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या गनस्मिथकडेच जायचं, कारण आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार करायलासुद्धा लायसन्स लागतं, आणि पावती घ्यायचीच. दुसऱ्या जिल्ह्यात नेणार असाल तर तुमच्या लायसन्सवर हद्द कुठपर्यंत लिहिलीय ते बघून घ्या. ट्रिटियम किरणोत्सारी असल्यामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाचा विषयही येतो, तेव्हा कोणी पाहुणा परदेशातून बॅगेत घालून आणतो म्हणाला तर नको म्हणा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या, मग डीलरकडून मागवा.

रंगाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे लोक हौसेने चुकतात. काळोखात आपला डोळा हिरव्याच्या आसपासच्या उजेडाला सगळ्यात जास्त पकडतो, म्हणून तेवढ्याच ताकदीचा हिरवा ठिपका केशरीपेक्षा ठळक वाटतो. पुढे हिरवा ठेवा. मागे दोन ठिपके हवेच असतील तर वेगळ्या रंगाचे आणि मंद घ्या, कारण मागची साइट डोळ्याच्या जवळ असते आणि तिचे ठिपके माशीपेक्षा मोठे, भडक दिसतात, नजर तिथेच अडकते. तिन्ही एकाच रंगाचे असले की काळोखात घाईत माशीचा ठिपका मधे न येता बाजूला येतो आणि तरी तीन ठिपके एका ओळीत दिसतात म्हणून माणसाला वाटतं नेम बरोबर आहे, आणि गोळी भलतीकडे. मला विचाराल तर मागे साधी काळी, रुंद खाच आणि पुढे एकच ठिपका, त्याच्याभोवती पांढरं किंवा भडक केशरी कडं. दिवसा कडं दिसतं, रात्री ठिपका. खाच रुंद का, तर माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट दिसली पाहिजे, कमी उजेडात अरुंद खाच म्हणजे नुसता काळा डाग.

आणि चष्मा! चाळिशी ओलांडली की हाताच्या अंतरावरची माशी अंधूक होते, त्यात ॲस्टिग्मॅटिझम (डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नसणं) असेल तर गोल ठिपका धूमकेतूसारखा ओढलेला दिसतो. आपण रात्री उठतो तेव्हा चष्मा कुठे असतो? म्हणून साइट बघायला जाल तेव्हा चष्मा लावून आणि काढून दोन्ही बघा, शक्यतो मंद उजेडाच्या खोलीत. लहान नाजूक ठिपका पंचवीस वर्षांच्या पोराला चालतो, माझ्यासारख्याला मोठा लागतो, मोठ्या ठिपक्याने लांबचा बारीक नेम थोडा बिघडतो पण घरातल्या अंतराला फरक पडत नाही.

माशी बदलली की उंची बदलते आणि उंची बदलली की गोळी वर-खाली जाते, हे विसरू नका. माशी उंच तर गोळी खाली, माशी बुटकी तर गोळी वर. हिशोब सोपा आहे, दोन साइटमधलं अंतर गुणिले चूक भागिले निशाणाचं अंतर. समजा दोन साइटमध्ये १५० मिलीमीटर आहे, १० मीटरवर गोळी ५ सेंटीमीटर खाली लागतेय, तर १५० गुणिले ५० भागिले १०,०००, म्हणजे पाऊण मिलीमीटर बुटकी माशी पाहिजे. पाऊण मिलीमीटर! म्हणून पुढची-मागची जोडी एकत्रच घ्या आणि बसवल्यावर रायफल क्लबच्या अधिकृत रेंजवर जाऊन बघा, बागेत नारळावर नाही. डावं-उजवं मागची साइट सरकवून जुळतं, गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट सरकवायची. ती सरकवायला साइट पुशर नावाचं ढकलायचं हत्यार असतं, हातोडी मारायचीच वेळ आली तर पितळी किंवा नायलॉनचा पंच, आणि ट्रिटियमच्या नळीवर धक्का बसता कामा नये. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून त्याला निळं लॉकटाइट (चिकटवायचा द्रव), लाल नको, लाल लावलं की पुढच्या वेळी तापवल्याशिवाय निघत नाही आणि तापवायचं तर ट्रिटियम गेलंच.

ट्रिटियमची नळी फुटली तर घाबरण्यासारखं फार नाही पण निष्काळजीपणाही नको. ट्रिटियमचे बीटा कण कातडी भेदत नाहीत, धोका तो श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाण्याचा. खिडक्या उघडा, थोडा वेळ बाहेर जा, तुकड्यांना उघड्या हाताने हात लावू नका, नंतर हात धुवा, आणि ती साइट घंटागाडीत टाकू नका, डीलरला परत द्या.

ज्यांचं रिव्हॉल्व्हर एकसंध साइटचं आहे त्यांना रंग हाच उपाय, आणि तो नीट केला तर चांगला टिकतो. बंदूक रिकामी, गोळ्या दुसऱ्या खोलीत. माशीवरचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसा, आजूबाजूला टेप लावा. पहिला हात पांढऱ्या रंगाचा, कारण काळ्यावर चमकणारा रंग मरतो. तो पूर्ण सुकू द्या, मग टूथपिकच्या टोकाने चमकणारा रंग पातळ तीन-चार थरांत, आणि शेवटी पारदर्शक नेलपॉलिश. पावसाळ्यात हे काम करू नका, दमट हवेत थर नीट सुकत नाही आणि पापुद्रे निघतात, माझं एकदा ऑगस्टमध्ये निघालं, नोव्हेंबरात परत केलं ते तीन वर्षं टिकलं. ॲसिटोन साफसफाईला वापरत असाल तर या रंगाजवळ नेऊ नका.

खारं वारं हा आपला कायमचा शत्रू. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत असलात तरी स्टीलच्या साइटच्या बुडाशी, जिथे ती खाचेत बसते, तिथे गंज सगळ्यात आधी धरतो कारण पुसायचं फडकं तिथे पोचतच नाही. नायट्राइड केलेलं (पृष्ठभाग प्रक्रियेने कडक केलेलं) स्टील चांगलं, ॲल्युमिनियम गंजत नाही पण खाऱ्या हवेत त्याला खड्डे पडतात आणि ते मऊही असतं. गन ऑइलचा एक थेंब खाचेच्या कडेला, जास्तीचं पुसून टाका, ठिपक्यावर तेल राहिलं तर धूळ बसून ठिपका मेल्यासारखा दिसतो. खोबरेल नको, चिकट होतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. पेटीत सिलिका जेल, आणि जूनपासून दर पंधरा दिवसांनी एक नजर.

निवडणुकीच्या वेळी बऱ्याच जणांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा द्यायच्या आधी साइटच्या बुडाशी तेल लावूनच द्या आणि परत आणली की त्याच रात्री एक तपासणी करा. रिकामी केलेली बंदूक घेऊन काळोख्या खोलीत वीस मिनिटं बसा, डोळ्याला काळोखाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, मग ठिपका सरळ बघून आणि थोडं बाजूला बघून, दोन्ही तऱ्हेने बघा. नंतर दार किंचित उघडून बाहेरचा उजेड आत येऊ द्या आणि परत बघा, माशी खाचेत वेगळी उठून दिसतेय का. मग बॅटरी लावून भिंतीवर. या तिन्हीत दिसली तर साइट तुमच्यासाठी बरोबर आहे, मधल्या अर्ध्या उजेडात हरवत असेल तर कंपनीचं नाव कितीही मोठं असू दे, बदला.