बाथरूममध्ये ग्रॅब बार बसवायचाय? आधी भिंत ओळखा

घरात गुडघे धरलेलं, अंगावरून वारं गेलेलं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस असलं की बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवायचा विषय कधी ना कधी निघतोच. आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारातून एक चकचकीत दांडा येतो, प्लंबर दोन भोकं पाडतो, "काय होत नाही ओ, बसतंय की घट्ट" म्हणतो आणि पुढच्या कामाला जातो. दांडा भारीतला असेलही, पण तोल गेलेल्या माणसाचा भार शेवटी भिंतीवर येतो. भिंत पोकळ असेल किंवा स्क्रू नुसत्या टाइलमध्ये अडकलेला असेल, तर नेमका गरजेच्या वेळी दांडा हातात येईल.

जागा वापरणाऱ्याला विचारून ठरवा

ज्यांच्यासाठी दांडा बसवायचा त्यांना कोरड्या बाथरूममध्ये, अंगावर कपडे असताना, नेहमीसारखं आत यायला, बसायला, उठायला सांगा. शेजारी घरातलं कुणीतरी उभं राहा आणि हात कुठे जातो ते नुसतं बघा. बहुतेकांचा हात नळावर, बेसिनच्या कडेवर नाहीतर टॉवेलच्या दांडीवर पडतो. तिथेच चिकटपट्टीने खूण करा. टॉवेलची दांडी अंगाचा भार घेण्यासाठी नसते. रबरी कपाने टाइलला चिकटणारे दांडेही तोल सावरायला वापरू नयेत, ओलाव्याने त्यांची पकड कधी सुटेल सांगता येत नाही.

आडवा दांडा खाली रेटून उठायला कामी येतो, उभा दांडा उंबरा ओलांडताना धरायला. तिरपा दांडा दिसायला छान, पण साबणाचा हात त्यावरून घसरतो, म्हणून मी तो टाळायलाच सांगेन.

कमोडशेजारचा दांडा बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांच्या पुढेपर्यंत यायला हवा. उठताना माणूस आधी पुढे झुकतो, त्यामुळे पाठीमागे संपणारा दांडा नुसता शोभेचा. अमेरिकी मानकात कमोडजवळच्या आडव्या दांड्याची उंची जमिनीपासून 33 ते 36 इंच दिली आहे. हा आकडा सुरुवातीला धरायला ठीक, पण चणीने लहान असलेल्या आजीला तेवढ्या उंचीवर रेटताना खांदा उचलावा लागेल. कोपर थोडं वाकलेलं राहील ती उंची तिची. कमोडची बाजूची भिंत हाताला लांब पडत असेल, तर भिंतीला उचलून ठेवता येणारा घडीचा दांडा घ्या.

आपल्याकडे बरीच वयस्कर माणसं अजून स्टुलावर बसून बादली-तांब्यानेच अंघोळ करतात. शॉवरसाठी उंचावर लावलेला दांडा त्यांच्या काय उपयोगाचा? स्टुलावर बसल्या जागेवरून हात पोचेल असा दांडा लावा आणि स्टुलाच्या पायांना रबर आहे ना बघा. दाराशी उंबरा असेल तर चौकटीजवळ उभा दांडा हवाच. एकच हात चालत असेल तर दोन्ही बाजूंना लावा, कारण आत जाताना उजवीकडे असलेला दांडा बाहेर येताना डावीकडे येतो.

भिंत काय सांगते

टाइलवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर मागे सिमेंट नीट भरलेलं नाही, तिथे भोक नको. बाकीचं भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, नजरेआड, एक बारीक भोक पाडलं की कळतं. लाल भुकटी आली तर वीट. राखाडी आणि ड्रिल जोर लावूनही हळू जातंय तर काँक्रीट. ड्रिल लोण्यासारखं आत गेलं आणि पांढुरकी भुकटी सांडली तर सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक, जे नव्या अपार्टमेंटमध्ये सर्रास असतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत मातीही निघेल.

काँक्रीटला लोखंडी फास्टनर उत्तम. नऊ इंची विटेच्या भिंतीला लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारं रसायन भरून बसवायचा बोल्ट) घ्या, फुगणारा लोखंडी फास्टनर विटेला तडा देऊ शकतो. साडेचार इंची भिंत आणि सिपोरेक्स या दोन्हींसाठी माझी पसंती आरपार बोल्टला. भिंतीतून बोल्ट पलीकडे काढायचा आणि तिकडे स्टीलची रुंद पट्टी लावून नट आवळायचा. अशी पट्टी शिवाजी उद्यमनगरातला फॅब्रिकेशनवाला मापाने कापून, भोकं पाडून देतो. पलीकडच्या खोलीत ती दिसेल, दिसू दे.

मातीच्या भिंतीवर मात्र भरवसाच ठेवू नका. तिथे जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेला, पाय असलेला दांडा करून घ्यावा.

दांडा घेताना

जाडी 32 ते 38 मिलिमीटर, म्हणजे मूठ पूर्ण वळते. संधिवाताने बोटं वळत नसतील तर दुकानात त्यांनाच धरून बघू द्या. भिंत आणि दांडा यांत साधारण दीड इंच फट असावी. त्याहून कमी असेल तर बोटं भिंतीला घासतात, जास्त असेल तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो. पृष्ठभाग खरबरीत घ्या. स्टील 304 ग्रेडचं मागा. काही दुकानदार चुंबक लावून दाखवतात, पण स्वस्तातल्या 202 स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेला फारसा अर्थ नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

खोक्यातले स्क्रू बाजूला ठेवा. टाइल आणि तिच्यामागचं सिमेंट मिळून इंचभर सहज जातं, मग दीड इंची स्क्रूचं भिंतीत उरतं काय? विटेच्या भिंतीला किमान तीन इंची स्क्रू वापरा.

भोक पाडणे

गीझरची मेन लाइन बंद करा. नळ, गीझर आणि स्विचबोर्ड यांच्या सरळ रेषेत वर, खाली किंवा आडवं भोक पाडू नका, पाइप आणि वायरी बहुधा त्याच रेषांत पुरलेल्या असतात. बांधकामाच्या वेळचे फोटो असतील तर काढून बघा. शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, हा खर्च वाचवू नये.

खुणेवर चिकटपट्टी लावा म्हणजे ड्रिल सरकणार नाही. टाइलच्या कडेपासून आणि सांध्यापासून इंचभर आत राहा. टाइल पार होईपर्यंत टाइलचं बिट, हळू वेग आणि ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारा मोड, पूर्ण बंद. मग बिट बदलून वीट किंवा काँक्रीट असेल तर हॅमर सुरू करा. सिपोरेक्सला शेवटपर्यंत हॅमर नको.

भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने फुंकून काढा. ही पायरी हमखास टाळली जाते आणि प्लग त्यामुळेच सैल राहतो. प्लग टाइल ओलांडून पूर्ण आत गेला पाहिजे, टाइलमध्येच फुगला तर टाइल तडकते. भोकात थोडं सिलिकॉन भरा, स्क्रू आवळा आणि दांड्याच्या टोकाला भिंतीवर टेकणाऱ्या चकतीभोवतीही सिलिकॉन लावा, खालची बाजू तेवढी उघडी ठेवून. आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. केमिकल अँकर असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण झाल्याशिवाय दांड्याला कुणी हात लावायचा नाही.

भार देऊन बघणे

मघाच्या मानकात दांड्याने 250 पौंड, म्हणजे सुमारे 113 किलो, पेलावं अशी अपेक्षा आहे. घरातल्या सगळ्यात वजनदार धडधाकट माणसाने, पाय जमिनीवर घट्ट ठेवून, दांडा आधी खाली आणि मग स्वतःकडे ओढावा. जोर हळूहळू वाढवायचा, झटका द्यायचा नाही. दुसऱ्याने चकतीवर नजर ठेवावी. केसभर हलली किंवा करकर आवाज आला तर दांडा काढा आणि दुसऱ्या जागी नव्याने भोकं पाडा. त्याच भोकात जाड स्क्रू कोंबू नका.

त्यानंतर ज्यांच्यासाठी बसवला त्यांना पुन्हा कोरड्यात दोन-चार वेळा उठबस करायला लावा. नळाला धरायची जुनी सवय लगेच सुटत नाही. शक्य असेल तर दाराची कडी बाहेरूनही उघडेल अशी करून घ्या. दर महिन्याला चकती हलवून बघा आणि दांड्यावर ओले टॉवेल वाळत घालू नका, हात पोचेल तेव्हा दांडा मोकळा हवा.