आपल्या भागातल्या मध्यम लहरी रेडिओ केंद्राचा इतिहास कसा जुळवायचा

सांगली, रत्नागिरी, जळगाव, परभणी अशा एखाद्या आकाशवाणी केंद्रावर लिहायला घेतलं की पहिला घोळ स्थापनेच्या तारखेचा होतो. चाचणी प्रसारण, औपचारिक उद्घाटन, स्टुडिओची नवी इमारत आणि ट्रान्समीटरची शक्ती वाढणं या चार वेगळ्या घटना. लोकांच्या आठवणीत त्या एकच होऊन बसतात. वहीत आधीच चार रकाने पाडा आणि प्रत्येक तारखेपुढे ती कुठून मिळाली तेही लिहा.

बिनतारखेच्या कागदांचा काळ ठरवायला फ्रिक्वेन्सीसारखी मदत दुसरी नाही. सांगली १२५१ किलोहर्ट्झ, रत्नागिरी ११४३, पुणे ७९२. सगळ्यांना ९ ने पूर्ण भाग जातो. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेत मध्यम लहरींवर लागोपाठच्या फ्रिक्वेन्सींमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर लागू झालं. त्याआधी आपल्याकडे ते १० होतं. म्हणून जुन्या कार्यक्रमपत्रिकेवर शून्याने संपणारा आकडा दिसला तर ती बहुधा १९७८ च्या आधीची. फसवणारे आकडे म्हणजे ५४०, ६३०, ७२०, ८१० असे ९० च्या पटीतले. ते दोन्ही पद्धतींत बसतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका. कागदावर फ्रिक्वेन्सीऐवजी तरंगलांबीचे मीटर छापले असतील तर ३,००,००० ला त्या आकड्याने भागा. २४० मीटरचे १२५० किलोहर्ट्झ येतात, पण छापताना मीटर गोल केलेले असतात, त्यामुळे १२५० की १२५१ हा निवाडा त्यातून होत नाही.

मुंबई, नागपूर (१९४८) किंवा पुणे (१९५३) अशी जुनी केंद्रं असतील तर आकाशवाणीच्या ‘द इंडियन लिसनर’ या कार्यक्रमपत्रिकेचे अंक चाळा. १९५८ पासून त्याचं नाव ‘आकाशवाणी’ झालं. नंतरच्या केंद्रांसाठी स्थानिक दैनिकांच्या फायलीच जास्त कामाच्या.

केंद्राकडची कागदपत्रं माहिती अधिकारात मागता येतात. केंद्रीय शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘केंद्राचा इतिहास द्या’ असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही, कारण कायद्यात अस्तित्वात असलेली नोंदच मिळते. ट्रान्समीटर लॉगबुक, फिक्स्ड पॉइंट चार्ट (कार्यक्रमांच्या ठरलेल्या वेळांचा तक्ता), क्यू शीट (त्या दिवशीच्या कार्यक्रमांची क्रमवार यादी) अशी नावं आणि कालावधी लिहून मागा. चार्टवरून सभांच्या, म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळच्या प्रसारण सत्रांच्या, वेळा कधी बदलल्या ते कळतं.

एखाद्या निवृत्त उद्घोषकाकडे पाव इंची स्पूल निघाली तर लगेच वाजवू नका. आधी उजेडासमोर धरा. गुंडाळी आरपार दिसली आणि व्हिनेगरसारखा वास आला तर टेप अॅसिटेटची आहे. ती ठिसूळ असते, फास्ट रिवाइंडला तुटते आणि तिला उष्णता अजिबात चालत नाही. पॉलिएस्टरची टेप सहसा अपारदर्शक. वाजताना ती किंचाळली आणि हेडवर तपकिरी चिकटा साठला तर तिथेच थांबा: बाइंडरने, म्हणजे चुंबकीय थर टेपला चिकटवणाऱ्या पदार्थाने, ओल धरली आहे. अशी टेप मंद उष्णतेत वाळवावी लागते. ते काम घरच्या ओव्हनमध्ये करू नका, जाणकाराकडे द्या.

केंद्रातल्या टेपचा वेग बहुधा सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि ध्वनी पूर्ण रुंदीवर. घरी भरलेल्या टेपवर दोन्ही बाजूंना ध्वनी असतो; ती केंद्राच्या मशिनवर लावली की मागून उलटं बोलणं ऐकू येतं. टेप त्यामुळे खराब ठरत नाही, मशिन बदला. संगणकावरची प्रत २४ बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये घ्या आणि मूळ फाइलची खरखर काढू नका. सफाई दुसऱ्या प्रतीवर.