अभियंत्याचा पगार विचारताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी रविवारी सकाळी पालक आणि मुले येऊ लागतात. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागात सव्वीस वर्षे काढलेल्या माणसाला अभियांत्रिकीच्या सगळ्या वाटा ठाऊक असणार, असा त्यांचा समज असतो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठल्या शाखेला पगार जास्त?’ काम कोणते, गाव कोणते आणि साल कोणते, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही, हे सांगून माझा घसा बसला आहे. त्यामुळे वारंवार दिसणाऱ्या चुका एकदा लिहूनच काढाव्यात, असे ठरवले.

पॅकेजला बारांनी भागणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की पेढ्यांचा पुडा घेऊन कोणी दारात उभा राहिला तरी मी आधी नेमणूकपत्र मागतो. काही वर्षांपूर्वी शेजारचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा संगणक अभियंता, पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागलेली, पॅकेज वर्षाला ४ लाख २० हजार. वडिलांनी बारांनी भागून ३५,००० हा आकडा काढला होता, त्याच्या भरवशावर मुलाने हप्त्याने मोटरसायकल घेतली होती आणि कोथरूडला दोन मित्रांबरोबर भाड्याची खोलीही ठरवली होती. पत्र सहा पानांचे होते. पगाराचे कोष्टक शेवटच्या पानावर बारीक टायपात होते आणि तिथवर कोणीच पोहोचले नव्हते.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वर्षाच्या रकमेतले ४२,००० रुपये ‘व्हेरिएबल’ होते, म्हणजे कंपनीचे आणि त्याचे काम मनासारखे झाले तर वर्षअखेरीस मिळणारे. दरमहा ३,५०० तिथेच वजा झाले. भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, हाही पॅकेजमध्येच धरलेला होता. मूळ वेतन १७,५०० होते, त्यावर ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटीचे ८४२ रुपये दाखवले होते. कायम नोकरीत ही रक्कम साधारणपणे पाच वर्षे सलग काढल्यावर हातात पडते, आणि हा मुलगा तर दोन वर्षांत कंपनी बदलण्याच्या गोष्टी करत होता. आरोग्य विम्याचे ५०० गेले. उरले २८,३५८. त्यातून भविष्यनिर्वाह निधीचा त्याचा स्वतःचा वाटा १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये. एवढ्या उत्पन्नावर आयकर लागत नव्हता, हीच काय ती मेहेरबानी. खात्यात जमा होणार २६,३५८ रुपये. वडील बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आठ हजार रुपये गेले कुठे, ते तरी नीट सांगा.” पैसे कुठेही गेले नव्हते; ते दर महिन्याला येणारच नव्हते. मोटरसायकलचे पहिले सात-आठ हप्ते वडिलांनीच भरले.

यावर माझा उपाय साधा आहे. नोकरी स्वीकारण्यापूर्वी मनुष्यबळ विभागाला एका ओळीचा ईमेल लिहावा: दरमहा खात्यात नेमके किती जमा होतील? लेखी विचारायला मुले संकोचतात, मुलाखतीत कसे दिसेल याची त्यांना धास्ती असते. माझ्या माहितीत हा प्रश्न विचारला म्हणून कोणाची नोकरी गेलेली नाही. गोव्यात व्यवसाय कर नाही, त्यामुळे तेच पॅकेज वेर्ण्याला असेल तर महिन्याला दोनशे रुपये तेवढे वाचतात.

सरकारी नोकरीच्या बाबतीत लोक याच्या नेमकी उलटी चूक करतात. केंद्राच्या कनिष्ठ अभियंत्याचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार स्तर ६ मध्ये ३५,४०० पासून सुरू होते आणि इस्रोतल्या नव्या शास्त्रज्ञ-अभियंत्याचे स्तर १० मध्ये ५६,१०० पासून. सार्वजनिक उपक्रमांतली अधिकाऱ्यांची ई-१ वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० अशी आहे. हे आकडे मूळ वेतनाचे आहेत, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा. खासगीचे फुगवलेले आणि सरकारीचे सोललेले आकडे शेजारी मांडून ‘सरकारीत काही राम नाही’ म्हणणारे पालक मला दरवर्षी भेटतात.

तेजी बघून शाखा किंवा नोकरी निवडणे

या चुकीत दोषी मी स्वतः आहे. २०१० साली माझ्या मावसबहिणीचा मुलगा यांत्रिकी पदविका घेऊन माझ्याकडे आला. त्या वर्षांत चीन गोव्याचे कमी प्रतीचे लोहखनिजही उचलत होता. २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांहून अधिक खनिज येथून बाहेर गेले. कुडचडे-सावर्डे रस्त्यावर ट्रकांची रांग संपत नसे आणि नद्यांतून बार्जेसची ये-जा चालूच असे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपर आणि एक्स्कॅव्हेटर दुरुस्त करणाऱ्या मुलाला वेर्ण्यातल्या माझ्या हाताखालच्या मुलांपेक्षा दीडपट पगार मिळत होता. मी त्याला म्हटले, “विचार कसला करतोस, जा.” तो गेला आणि दोन वर्षांत घरावर स्लॅब टाकून झाला.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मुलाचा फोन आला, “मामा, मशीन उभे असले तरी पगार चालू राहतो का हो?” काही महिने अर्धा पगार आला, नंतर तोही थांबला. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर खाणींना परवानगी मिळाली, तेव्हा तो पुन्हा आशेने परतला; फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांच्या लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये सगळे पुन्हा ठप्प झाले.

त्याच वर्कशॉपमधला त्याचा एक सहकारी मात्र पहिल्याच बंदीत बाहेर पडला होता. हा मुलगा वहीत प्रत्येक यंत्राच्या हायड्रॉलिक दाबाच्या नोंदी ठेवी, सर्किटचा नकाशा समोर घेऊन झडप कुठे अडकली ते शोधी. माझा भाचा झटपट सुटे भाग बदलण्यात पटाईत होता. त्यामुळे तेच मॉडेल असलेल्या ठिकाणीच त्याला मागणी होती. वहीवाल्याला क्रेन, लिफ्ट, इंजेक्शन मोल्डिंग, सगळीकडे दार उघडे होते. त्याचाही पगार आधी कमी झाला, पण तो दोन वर्षांत सावरला.

तेव्हापासून कोणत्याही क्षेत्राविषयी विचारले, तर मी आधी विचारतो, की या मालाचे गिऱ्हाईक कोण आणि ते किती जण आहेत. वास्कोच्या गोवा शिपयार्डला नौदल आणि तटरक्षक दलाची कामे मिळतात, वेर्ण्याच्या औषध कारखान्यांचा माल अनेक देशांत जातो, सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांची मदार परदेशी ग्राहकांच्या खर्चावर असते. प्रत्येक ठिकाणची जोखीम वेगळी आहे. सध्या प्रत्येकाला संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ताच हवी आहे. त्यातल्या निम्म्या मुलांनी आजवर संगणक-प्रोग्रामच्या दहा ओळीही लिहिलेल्या नसतात, आणि तीन महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर लाखांची स्वप्ने रंगवलेली असतात. चार वर्षांचा अभ्यासक्रम संपेपर्यंत तेजी कुठे असेल, हे त्यांना शिकवणी लावणाऱ्यांनाही ठाऊक नाही.

महाविद्यालयाचे ‘सरासरी पॅकेज’

दहा मुलांपैकी नऊ जणांना चार-चार लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले, की सरासरी आठ लाख होते आणि माहितीपत्रकावर ‘आठ लाख’ छापले जाते. संस्थांनी एनआयआरएफला, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या केंद्र सरकारच्या क्रमवारीला, दिलेल्या माहितीत मध्यक वेतन असते, म्हणजे रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार. मी तोच आकडा पाहतो, आणि किती मुलांना नोकरी मिळाली व किती पुढे शिकायला गेले, हेही तिथेच पाहतो.

जहाजाचा पगार बाराने गुणणे

गोव्यात तारवटींची, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांची, परंपरा जुनी असल्यामुळे ही चूक आपल्याकडे खास. यांत्रिकीची पदवी घेऊन एक वर्षाचा जीएमई हा पदवीधरांसाठीचा सागरी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम केला, की लगेच डॉलर सुरू होतात, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात आधी प्रशिक्षणार्थी म्हणून जुजबी भत्त्यावर समुद्रात दिवस भरावे लागतात आणि त्यानंतर सागरी अभियंता अधिकाऱ्याची पहिली, म्हणजे एमईओ वर्ग ४ ची, परीक्षा द्यावी लागते. अधिकारी झाल्यावर पगार मोठा असतो खरा, पण बहुतेक कंपन्या तो कराराच्या महिन्यांपुरताच देतात. घरी असलेल्या महिन्यांत खाते शांत असते. अनिवासी ठरून कर वाचवायचा असेल, तर भारताबाहेरच्या दिवसांचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या एजंटाच्या कचेरीतून तत्काळ उठावे: नौवहन महासंचालनालयाचा खलाशी भरतीचा आरपीएसएल परवाना असलेल्या संस्थेला खलाशाकडून भरतीचे शुल्क घेण्याची मुभा नाही, आणि परवाना नसलेल्याकडे जाण्याचे कारण नाही.

उरलेल्या काही

बंगळुरूचा पगार आणि घरून कदंबच्या बसने जाऊन मिळणारा वेर्ण्याचा पगार यांची तुलना भाडे, अनामत आणि चवथीला घरी येण्याचे तिकीट धरल्याशिवाय करू नये. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बंधपत्रावर सही करताना रक्कम आणि मुदत वाचावी. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. एम.टेक. प्रवेशाला आणि काही सार्वजनिक उपक्रमांच्या भरतीला लागणाऱ्या गेट परीक्षेचे गुण तीन वर्षे चालतात, म्हणून शेवटच्या वर्षीच परीक्षा द्यावी, नोकरी लागल्यावर अभ्यास होत नाही.

गोवा सरकारच्या नोकरीचा विचार असेल, तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आधी काढून ठेवावा. जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असे लिहिलेले असते, तेही नीट वाचावे. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात मामलेदार कचेरीच्या जिन्यावर उभी असलेली मुले मी पाहिली आहेत. त्यातल्या काहींच्या हातात अभियांत्रिकीचे सुवर्णपदक होते आणि दाखला नव्हता.